विरुद्ध बाजूचं मॉडेल

रविवारची जेवणं उरकली तशी ताईने पुठ्ठे कापायच्या लांब टेबलावरचा सगळा पसारा दोन्ही हातांनी एका कडेला लोटला आणि फर्मान सोडलं, "आणा बाहेर. ज्याचं त्याने आणा. आणि उचलताना खालून धरा. छपराला धरून उचलाल तर गाठ माझ्याशी आहे."

घर वर आणि कारखाना खाली, ही या कुटुंबाची राहणी अप्पांच्या काळापासूनची. आर्किटेक्ट लोक नकाशे पाठवायचे आणि हे त्या नकाशांवरून टेबलावर मावतील एवढाल्या इमारती करून द्यायचे. दोन पिढ्यांनी शाळा केल्या, दवाखाने केले, एकदा अख्खं बंदर केलं. पण कमरेपेक्षा उंच असं या घरात आजवर कुणी काही बांधलं नव्हतं.

अप्पा गेले, त्यांचा कायदा मात्र मागे राहिला. घरात मतभेद झाला की ज्याला जी गोष्ट नको असेल त्यानेच तिचं मॉडेल करायचं. "नावं ठेवायला काय, जिभेला हाड नसतं," अप्पा म्हणायचे. "जिला नावं ठेवायची तिच्या खिडक्या आधी स्वतःच्या हाताने काप, मग बोल." वरचा मजला वाढवायचा की नाही, दादाच्या लग्नाला कुठला हॉल घ्यायचा, सगळं असंच ठरलं होतं. लग्नाच्या हॉलचं मॉडेल पाहून वहिनींच्या माहेरचे लोक जरा घाबरलेच होते म्हणतात.

या वेळचा मतभेद चिमटीवरून होता. चिमटी दादाची एकुलती एक मुलगी. मोठ्यांचे हात जिथे शिरायचे नाहीत तिथे लहानपणी हिची बोटं चिमट्यासकट शिरायची, म्हणून ते नाव पडलं आणि आर्किटेक्ट होऊन दोन वर्षं नोकरी केली तरी सुटलं नाही. आता तिला पुढच्या शिक्षणासाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. एक शाळा जवळची, बसने दोन तासांवर. दुसरी लांबची, समुद्रापलीकडची, विमानात एक रात्र आणि निम्मा दिवस काढावा लागेल अशी. शिष्यवृत्ती दोन्हीकडे सारखीच होती, त्यामुळे पैशाची सबब पुढे करायची कुणाची सोय उरली नव्हती. आणि उत्तर आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

दादाला जवळची हवी होती, म्हणून कायद्याप्रमाणे लांबचीचं मॉडेल दादाच्या गळ्यात पडलं. ताईला लांबची हवी होती, तिच्याकडे जवळचीचं आलं. झाडकाका म्हणाले होते, "मी कुणाच्याच बाजूचा नाही बुवा." मग दोन्हीकडची झाडं आणि माणसं त्यांनी करावीत असं ठरलं. तशीही ती तेच करायचे. भिंती दादाच्या, काचा आणि शेवटची तपासणी ताईची, झाडं-माणसं धाकट्याची, अशी वाटणी अप्पांनीच आपल्या तिन्ही मुलांत लावून दिली होती. झाडांवरून त्यांचं नाव झाडकाका पडलं आणि आता गल्लीतली म्हातारी माणसंही त्यांना काका म्हणत.

कुणाच्याच बाजूचा नाही, हे झाडकाकांचं म्हणणं धादांत खोटं होतं.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे सांगायला बसलं तर ते स्वतःच दर वेळी वेगळं कारण सांगत. पण त्यांच्या शेजारच्या उंच स्टुलावर चिमटी चार वर्षांची असल्यापासून बसत आली होती. पाय लोंबकळत असल्यापासून ते पाय जमिनीला टेकेपर्यंत. नोकरी लागल्यावरही शनिवारी सकाळी ती खाली उतरायची, स्टूल ओढायची आणि म्हणायची, "बोल काका, आज काय लावायचंय?" झाडकाका आठवडाभर शनिवारची वाट बघत. शेजारच्या दुकानदाराचा मुलगा दोन वर्षांसाठी म्हणून परदेशी गेला होता, त्याला आता टक्कल पडलंय असं त्याचे वडील फोटो दाखवून सांगत. हे सगळं झाडकाकांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. बोलायचं कशाला? त्यांच्या हातात माणसं होती.

दादाने मॉडेल टेबलावर ठेवलं आणि वरचं फडकं काढलं. एकच लांबलचक शेड होती. एका टोकाला लाकूड कापायचा कारखाना, दुसऱ्या टोकाला वर्ग, मधे उघडं अंगण आणि शिडीने चढून जायचं इवलंसं वाचनालय.

"आता बघा," दादा म्हणाला आणि त्याच्या आवाजात नको ती चमक आली. "हे छप्पर एका रेषेत दिसतं ना? नाहीये. मधे वाकवलंय. का, तर पावसाचं पाणी सगळं या एका ठिकाणी पडावं. आणि ते पोरांना दिसावं. पाणी कुठून येतं, कुठे जातं, हे पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर! आणि हा कारखाना. इथे दुसऱ्या वर्षी पोरं खरंच काहीतरी बांधतात. एखाद्या गावाला होडीची शेड, नाहीतर बाजाराला न्हाणीघर. आणि बांधून झालं की पळून जायचं नाही. महिनाभर त्याच्याजवळच राहायचं. काय गळतं, लोक कुठे थुंकतात, सगळं बघायचं."

"तुला ही नको होती ना रे?" ताईने विचारलं.

"मी फक्त काय आहे ते सांगतोय."

"सांग, सांग."

ताईने आपलं फडकं काढलं. जवळची शाळा म्हणजे पाच पायऱ्यांची एक काचेची मोठी पेटी होती. प्रत्येक पायरीवर टेबलं, कुठेच भिंत नाही, खालच्या पायरीवरचा पोरगा वरच्या पायरीवरच्याच्या टेबलाकडे मान वर करून बघू शकेल असं. तळघरात यंत्रं.

"मला वाटलं होतं नुसता दिखावा असेल," ताई म्हणाली. "पण काच लावता लावता कळलं. पहिल्या वर्षाची पोरं शेवटच्या वर्षाच्या पोरांच्या पायाशी बसतात. कुणी काय चुकतंय ते सगळ्यांना दिसतं. लपवायला जागाच नाही. आणि ते यंत्राचे मास्तर आहेत ना, ज्यांचं पुस्तक ही उशाशी घेऊन झोपते, त्यांची केबिन कुठे आहे माहितीये? केबिनच नाही. या मधल्या पायरीवर, पोरांच्यात एक टेबल. मी अख्ख्या नकाशात त्यांची खोली शोधत होते!"

वहिनी इतका वेळ दारात हात पुसत उभ्या होत्या. त्या दातांच्या डॉक्टर. या घरात सून म्हणून येऊन इतकी वर्षं झाली तरी कारखान्यात त्या पाहुण्यासारख्याच येत आणि पाहुण्यालाच जे दिसतं ते त्यांना दिसत असे.

"एक मिनिट हं," वहिनी म्हणाल्या. "अहो, तुम्हाला जवळची हवी होती. ताई, तुम्हाला लांबची. आता तुम्ही लांबचीचे गोडवे गाताय आणि ताई जवळचीचे. म्हणजे तीन आठवडे घरभर पुठ्ठ्याचा भुगा उडाला आणि भांडण होतं तिथेच राहिलं, नुसत्या खुर्च्या बदलल्या?"

दादाने ताईकडे बघितलं. ताईने दादाकडे. मग दोघंही एकदम हसली आणि चिमटी तर टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली.

"हा अप्पांच्या कायद्याचा दोष आहे," दादा म्हणाला.

"दोष कसला, गुण आहे," ताई म्हणाली. "पण तू बदललास कसा? तू तर म्हणत होतास, आर्किटेक्ट आता यंत्रातूनच मॉडेल छापून घेतात, आपला कारखाना वाचवायचा तर घरात यंत्राचं कळणारं कुणीतरी हवं."

"ते अजूनही म्हणतो. पण पोरीने कारखाना वाचवायला शिकायचं का?" दादा एकदम गंभीर झाला. "ताई, मी छत्तीस वर्षं भिंती कापतोय. या शेडची भिंत कापताना पहिल्यांदा वाटलं, हिला टेकून उभं राहावं."

झाडकाकांनी मनातल्या मनात मतं मोजली. दादा गळाला होता. ताई मात्र आपसूक जवळचीकडे आली होती. म्हणजे हिशेब बरोबरीचाच होता आणि आता सगळं वहिनींवर होतं.

"वहिनी, तुमचं काय?" त्यांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"माझं मत चालतं का? काही कापल्याशिवाय बोलायचं नाही असा नियम आहे ना तुमच्यात." वहिनींनी खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि त्यातून गुलाबी मेणाची एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. "म्हणून केलंय मी पण. कवळीचं मेण आहे, उरलं होतं."

"हे काय आहे?" ताईने चष्मा वर केला.

"पलंग."

"पलंग?"

"तुम्ही दोघांनी टेबलं केली, जिने केले, पाण्याचा पाट केला. पोरगी झोपणार कुठे? दोन्ही शाळांत एक पलंग नाही. मी तिची आई आहे, मला आधी पलंग दिसतो."

पलंग कुठे ठेवायचा ते कळेना, म्हणून वहिनींनी तो लांबच्या शाळेच्या अंगणात ठेवून दिला. तो शेडच्या दरवाज्याच्या चौपट निघाला. त्यावर हत्ती झोपला असता. दादाच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसू सुटलं. "अगं, माप! एकास शंभर आहे हे! इथला एक सेंटीमीटर म्हणजे तिथला एक मीटर. तुझा पलंग आठ मीटर लांब झालाय!"

"ऐसपैस झोपेल," वहिनी म्हणाल्या. त्यांना राग आला नव्हता.

सगळे हसत होते. झाडकाका हसले नाहीत. माप हा शब्द निघाला तेव्हापासून ते लांबच्या शाळेच्या मॉडेलकडे बघायचं टाळत होते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

चिमटीचं हसणं आधी थांबलं. ती लांबच्या शाळेच्या मॉडेलपाशी वाकली होती, हनुवटी टेबलाला टेकेल इतकी. असं बघायला तिला झाडकाकांनीच शिकवलं होतं. वरून बघतो तो गिऱ्हाईक, खाली वाकून बघतो तो आपला माणूस.

"आत किती दाटीवाटी आहे नाही?" ती म्हणाली. "नकाशात एवढं वाटलं नव्हतं."

"दाटी?" दादा म्हणाला. "अगं, चांगली ऐसपैस शेड आहे."

"नकाशात मलाही तशीच वाटली होती. पण बघा ना, कोंडल्यासारखी बसलीत माणसं." तिने मान तिरपी केली. "काका, हे सगळे बसलेले का आहेत?"

"काम करतायत," झाडकाका म्हणाले. "काम बसूनच करतात."

"सुतारकामही?"

झाडकाकांनी खोकून घेतलं.

"जवळच्या शाळेत तर तुझी माणसं उभी आहेत, जिने चढतायत, एक जण तर खांबाला टेकून फोनवर बोलतोय. इथे एकही उभा नाही. एवढा रुंद दरवाजा आहे आणि दरवाज्यापाशी कुणीच नाही." तिच्या आवाजात संशय नव्हता, नुसतं कुतूहल होतं आणि झाडकाकांना त्याचीच जास्त भीती वाटली. संशयी माणसाला गप्प करता येतं. ज्याला नुसतं बघायचंय त्याला काय करणार?

तिने खिशातून चिमटा काढला. मॉडेल गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी एक रिवाज असे. प्रत्येक मॉडेलमध्ये एक माणूस तांबडा रंगवलेला असायचा, ज्याच्यासाठी इमारत आहे तो. त्याला चिमट्यात धरून पुढच्या दारातून आत न्यायचं, एकेका खोलीतून फिरवायचं आणि मगच मॉडेल पास. हे फिरवण्याचं काम वयाच्या चौथ्या वर्षापासून चिमटीचं. आणि तांबड्या माणसाचा रिवाज सुरू केला होता झाडकाकांनी.

जवळच्या शाळेत तांबडी मुलगी दारातून आत गेली, पाच पायऱ्या चढली, यंत्रांच्या तळघरात उतरली आणि मास्तरांच्या टेबलापाशी उभी राहिली. "पास," ताई म्हणाली.

लांबच्या शाळेत तांबडी मुलगी अंगणात एका बाकावर बसवलेली होती. चिमटीने तिला उचललं, पाय सरळ केले, दाराशी नेलं आणि तिचं डोकं चौकटीला अडकलं.

चिमटीने चिमटा जरा तिरपा केला. पुन्हा अडकलं.

"काका, हिला वाकून जावं लागतंय," ती म्हणाली.

दादाचा चेहरा आधी पांढरा झाला, कारण दार त्याने कापलं होतं. त्याने मापपट्टी ओढली आणि दार मोजलं. दार बरोबर होतं. ताईने त्याच्या हातातून पट्टी घेतली आणि तांबड्या मुलीला टेबलावर आडवं करून मोजलं. मग बाकावरचा एक जण उपटला, त्याला मोजलं. आणखी एक.

"एकास पंच्याहत्तर," ताई म्हणाली. "सगळी माणसं एकास पंच्याहत्तरची आहेत. इमारत शंभरची."

"चुकून झालं असेल," दादा लगेच म्हणाला. भावावर बालंट येतंय म्हटल्यावर तो कुठली शाळा, कुठली बाजू, सगळं विसरला. "माणसं कापायचे फर्मे शेजारी शेजारी टांगलेले असतात. हात पडला असेल भलत्यावर. मला पण होतं असं."

"तुला होतं," ताई म्हणाली. "याला होत नाही."

तिने झाडकाकांकडे बघितलं. लहानपणी शाळेतून भांडण करून आल्यावर बघायची तसं बघितलं. झाडकाकांना दादाचा हात धरून पलीकडे जाता आलं असतं. हो रे, चुकून पडला हात, एवढं म्हणायचा अवकाश होता आणि सगळे वर चहाला गेले असते. पण समोर चिमटी उभी होती, चिमट्यात ती वाकलेली मुलगी धरून, आणि तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"चुकून झालं नाही," झाडकाका म्हणाले. "पहिल्या दोघांना झालं चुकून. तिसऱ्याला लक्षात आलं. मग तसंच केलं पुढे."

"का?" दादाने विचारलं.

"माणसं मोठी केली की घर लहान दिसतं."

"ते मला कळतं रे! मी का विचारतोय ते..." दादाचा आवाज चढला. "माझ्या मॉडेलमध्ये? तीन आठवडे मी त्या छपराचा बाक साधत होतो आणि तू त्यात राक्षस बसवलेस? गिऱ्हाइकाशी आपण कधी असं केलं नाही. आणि पोरीशी केलंस?"

झाडकाका खाली बघत राहिले. त्यांना सांगायचं होतं की पोरीशी म्हणूनच केलं, पण ते तोंडातून निघेना.

वहिनींनी आपला मेणाचा पलंग उचलून रुमालात गुंडाळला. "चला," त्या दादाला म्हणाल्या. "वर चला. चहा टाकते. ताई, तुम्ही पण."

"मला याला दोन शब्द सुनवायचेत," ताई म्हणाली.

"मग सुनवा. संध्याकाळी सुनवा. चला."

वहिनी एवढ्या आवाजात फार क्वचित बोलत. तिघंही जिना चढून गेले. दादा जाता जाता मागे वळून मॉडेलकडे बघून गेला.

चिमटीने आपलं उंच स्टूल ओढलं आणि बसली. झाडकाकांनी न बोलता खुंटीवरचा एकास शंभरचा फर्मा काढला, जाड कागदाची पट्टी घेतली, कटरला नवं पातं लावलं आणि माणसं कापायला बसले. चुकीची माणसं घालून मॉडेल टेबलावर ठेवायचं नाही एवढं तरी त्यांच्या हातात होतं. पाच-सहा माणसं झाली तेव्हा चिमटी म्हणाली, "सकाळपर्यंत मी जवळचीच ठरवली होती."

कटर थांबला. "मग सांगायचं ना. एवढं सगळं कशाला झालं असतं?"

"का ठरवली ते मला सांगता येत नव्हतं. मास्तर आवडतात, हे खरं. यंत्रांचं शिकायचंय, तेही खरं. पण लांबचीचा विचार करायला लागले की मला झोप लागायची नाही. प्रश्नच संपायचे नाहीत. आणि जवळचीचा विचार करायला लागले की छान झोप लागायची. मला वाटलं, झोप लागते म्हणजे तेच बरोबर."

"असतंच बरोबर."

"आता कळलं झोप का लागायची. तू इथे आहेस म्हणून."

झाडकाकांनी कापलेला माणूस उगाचच पुन्हा फर्म्यावर ठेवून बघितला. "मग त्यात वाईट काय?"

"वाईट काहीच नाही. पण तो त्या शाळेचा गुण नाही ना, काका."

झाडकाकांनी पुढचा माणूस कापायला घेतला. चिमटी चिमट्याने जुनी माणसं उपटून काढत होती आणि नवी बसवत होती. राक्षस एकेक करून डबीत गेले. तशी शेड हळूहळू रुंद होत गेली. छप्पर उंच झालं, मधलं अंगण तर जवळजवळ मैदान झालं. दादाने किती सुरेख भिंत कापली होती हे झाडकाकांना आता दिसलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"काय कळत नाही तुला? ज्याने झोप उडते ते?" त्यांनी विचारलं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवलं नाही.

"खूप. आता हेच बघ. आपल्याकडे चूक झाली की चिमट्याने उचलायची. जो उचलता येत नाही असा माणूस त्या इमारतीत राहायला आला तर? नोकरीत मी दोन वर्षं न्हाणीघरांच्या फरश्या कागदावर आखल्या. कुणी घसरलं का, मला कधीच कळलं नाही. मला विचारायलाही कुणी सांगितलं नाही. तिकडे म्हणे पोरं बांधलेल्या जागेत महिनाभर राहतात. मग काय होत असेल रे? भांडतात का लोक त्यांच्याशी? पाडून परत बांधायला लावतात का?"

"लावत असतील. मी असतो तर लावलं असतं."

ती हसली. झाडकाकांनाही जरा हायसं वाटलं. सवयीने त्यांनी टेबलाचा दिवा ओढला. मॉडेल झालं की दिव्याने ऊन पाडून बघायचं, कुठल्या टेबलावर येतं, कुठल्या नाही. त्यांनी दिवा मॉडेलच्या दक्षिणेला धरला, नेहमी धरत तसा, दुपारच्या उंचीवर.

"काका, तिकडे नाही," चिमटी म्हणाली. "पलीकडून धर. ती विषुववृत्ताच्या खाली आहे. तिथे दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो."

झाडकाका दिवा धरून तसेच उभे राहिले. भूगोलात हे त्यांनीही वाचलं होतं. पण आयुष्यभर दिवा दक्षिणेलाच धरला होता आणि आपला हात कुठे चुकीच्या बाजूला असेल हे कधी मनात आलं नव्हतं.

"बारा महिने उत्तरेकडे?"

"तितक्या खाली, हो. बारा महिने."

"मग सावल्या?"

"सावल्या दक्षिणेकडे पडतात."

"म्हणजे माझी झाडं..." ते वाकले. शेडला सावली मिळावी म्हणून त्यांनी दहा-बारा दाट झाडं दक्षिणेच्या बाजूला ओळीने लावली होती. तिथे ती नुसती शोभेची होती. "सगळी झाडं चुकीच्या बाजूला लागली की गं! आणि ही गोष्ट तुझ्या बापालाही सुचली नाही? हिवाळा कधी येतो मग तिथे? जूनमध्ये? म्हणजे तू जाशील तेव्हा..."

शब्द तोंडातून गेला आणि दोघांनाही ऐकू आला. झाडकाकांनी तो मागे घेतला नाही. ते दिवा घेऊन टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले. वायर पुरेना, तेव्हा त्यांनी जोडवायर शोधून आणली. मग उत्तरेला उभे राहून त्यांनी दिवा खाली आणला, आणखी थोडा खाली. ऊन वाकवलेल्या छपराखालून आत शिरलं, अंगण ओलांडून कारखान्यात गेलं आणि लाकडी बाकांवर पडलं. झाडकाकांनी हनुवटी टेबलाला टेकवली आणि कितीतरी वेळ बघत राहिले. पोरगी जाणार हे कळलं होतं आणि तरी बघवत होतं, हेच त्यांना नवल वाटत होतं.

"दाराजवळच्या बाकावर बसू नकोस," ते म्हणाले. "सगळी दुपार ऊन डोळ्यांत येईल. तिसऱ्या बाकावर बस. तिथे पाठीवर येतं. हिवाळ्यात बरं वाटेल आणि कागदावर आपली सावलीही पडणार नाही, तिरपं येतंय."

चिमटीने नवी तांबडी मुलगी चिमट्यात धरली. दारातून नेली. ती ताठ मानेने आत गेली, वर नखभर जागा राहिली. तिसऱ्या बाकापाशी चिमटीने तिला बसवलं आणि चिमटा सोडला. मग तिने खिशातून फोन काढला आणि शाळेला उत्तर लिहू लागली. लिहिताना ती मधेच थांबून मॉडेलकडे बघत होती.

जिन्यावर पावलं वाजली. चहाचे कप घेऊन वहिनी खाली आल्या होत्या आणि त्यांच्या मागे, ऐकू आलं नाही असं दाखवत, दादा आणि ताई.

"काय ठरलं?" वहिनींनी विचारलं.

चिमटीने मान वर केली, पण तिच्याआधी झाडकाकाच बोलले. गालांवरून पाणी उतरत होतं, ते त्यांनी पुसलं नाही, कारण दोन्ही हात दिव्याला गुंतले होते.

"पोरगी लांब जातेय, वहिनी," ते म्हणाले. "चहा ठेवा तिकडे आणि हा दिवा धरा जरा. मला झाडं पलीकडे न्यायचीत."